चार नंबरचा हिरवा चौकोन

घटकाभर तुम्ही घार व्हा. डोळे मात्र मिटू नका, कारण आपल्याला वरून बघायचं आहे. पंख पसरले आहेत, ऊन पाठीवर आहे, आणि तुम्ही होसकोटे गावाच्या वर एखाद्या बारा मजली इमारतीइतक्या उंचीवर तरंगता आहात. खाली एका बाजूला कारखान्यांची निळी पत्र्याची छपरं, त्यांच्यामधून मुंगीच्या चालीने सरकणाऱ्या लॉऱ्या. दुसऱ्या बाजूला मोकळा माळ. आता सांगा, माळाचा रंग कोणता?

हिरवा म्हणालात ना? बहुतेक सगळे तसंच म्हणतात. पण महिना जानेवारीचा आहे, संक्रांत नुकतीच होऊन गेली आहे. जानेवारीत चांगला माळ हिरवा नसतो. कुठे सोनेरी, कुठे तांबूस, कुठे मांजराच्या पाठीसारखा करडा असतो. गवत वाळलेलं असतं, मेलेलं नसतं. त्याची मुळं जमिनीखाली जिवंत असतात आणि पावसाची वाट बघत असतात. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता जरा खाली या. त्या तांबूस माळाच्या पोटात एक लहानसा चौकोन दिसतो आहे? सगळं रान वाळलेलं आणि तेवढाच तुकडा हिरवागार, जुन्या चादरीला नवं ठिगळ लावल्यासारखा. तो शमिकाचा चौकोन. त्याच्यापायी सगळा माळ खणला जाणार होता.

शमिका सहावीत होती. तिथून जवळच, व्हाइटफील्ड उपनगरात नवव्या मजल्यावर तिचं घर. घरी आई, बाबा आणि आबा. आबा म्हणजे तिचे आजोबा, विद्याधर. त्यांनी पस्तीस वर्षं विमानांच्या सरकारी कारखान्यात इंजिनं तपासली होती, त्यामुळे उडणाऱ्या प्रत्येक वस्तूबद्दल त्यांचं काहीतरी मत असायचं. आणि त्याच इमारतीत, दोन मजले खाली, प्रतिमाआत्या राहायची. आत्या गवतं अभ्यासायची. कुठल्या जमिनीवर कोणकोणती गवतं एकमेकांच्या शेजारी नांदतात, नवं कोण आलं, जुनं कोण निघून गेलं, याची नोंद ठेवणं हे तिचं काम.

होसकोटेजवळचा तो चाळीस एकरांचा माळ एका कंपनीचा होता. पूर्वी तिथे नुसती निलगिरी होती. तीन वर्षांपूर्वी आत्याने आणि तिच्या सोबत्यांनी निलगिरीची खोडं काढली, आसपासच्या बांधांवरून आणि देवळांमागच्या पडीक जागांवरून गवताचं बी मुठीमुठीने गोळा केलं आणि माळावर पेरलं. पहिल्या वर्षी सगळे हसले. दुसऱ्या वर्षी चंडोल पक्षी आले. तिसऱ्या वर्षी आत्याने इमारतीतल्या मुलांना माळावर नेलं.

प्रत्येक मुलाला तिने एकेक चौकोन दिला. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, चार कोपऱ्यांत चार खुंट्या आणि भोवती लाल दोरी. महिन्यातून एकदा जायचं, आपल्या चौकोनात कोणतं गवत किती आहे ते वहीत लिहायचं.

"नियम एकच," आत्याने बजावलं. "बघायचं, मोजायचं आणि लिहायचं. उपटायचं नाही, लावायचं नाही, लाडही करायचे नाहीत. तुम्ही नसता तर त्या चौकोनाचं जे झालं असतं, तेच व्हायला हवं."

"मग आमचा उपयोग काय?" शमिकाने विचारलं.

"साक्षीदाराचा काय उपयोग असतो गं? तो मारामारीत हात घालतो का?"

शमिकाला चार नंबरचा चौकोन मिळाला. त्यात कुसळी नावाचं गवत होतं. कुसळी तुमच्याही ओळखीची असेल, नाव माहीत नसेल इतकंच. माळावरून चालून आलं की पायमोज्यांत काळपट, टोकदार, शेपटीवाली कुसळं अडकतात आणि घरी येईपर्यंत टोचत राहतात, ती हिची. नोव्हेंबरात शमिकाची कुसळी तिच्या गुडघ्यापर्यंत उंच होती. डिसेंबरात ती पिवळी पडायला लागली.

आत्याने सांगितलं होतं की गवत वाळणारच. पण ऐकणं वेगळं आणि आपल्या नावाचं गवत वाळताना बघणं वेगळं. घरी बाल्कनीत तुळस मलूल दिसली की आई पाणी घालायची आणि संध्याकाळपर्यंत तुळस ताठ व्हायची. शमिकाने एका रविवारी इकडेतिकडे बघितलं आणि बाटलीतलं उरलेलं पाणी चौकोनात ओतलं.

"पुट्टी, तेवढ्यानं त्याचा घसा पण भिजणार नाही," मागून आवाज आला.

शिवाप्पा अण्णा होते. माळाचे राखणदार. निपाणीकडच्या गावचे, त्यामुळे त्यांची मराठी कानडीत बुचकळून काढलेली. पुट्टी म्हणजे छोटी पोर. पत्र्याच्या खोलीबाहेर त्यांचा पाण्याचा मोठा निळा ड्रम असायचा. शमिका दचकली. त्यांनी रागावण्याऐवजी घागर भरली आणि चौकोनापाशी आणून ठेवली.

"आत्याला सांगू नका हं अण्णा."

"अक्कांना कशाला सांगू? तहानलेल्याला पाणी द्यायचं, ह्यात सांगण्यासारखं काय हाय?"

तेव्हापासून शमिकाला माळाची ओढच लागली. दर रविवारी ती आत्यामागे लकडा लावायची. आत्या आपल्या कामाला चढापलीकडे गेली की दोन घागरी चार नंबरच्या चौकोनात जायच्या. कुसळीने पुन्हा हिरवे फुटवे काढले. शमिका वहीत लिहायची, "तब्येत उत्तम."

आणि मग संक्रांतीनंतरच्या रविवारी ड्रोन उडालं.

चाळीस एकर पायी मोजायचे तर दोन महिने लागतात. ड्रोन तेवढंच रान पंचवीस मिनिटांत नांगरल्यासारखं उभंआडवं फिरून येतं आणि हजारभर फोटो काढतं. त्याच्या कॅमेऱ्याला आपल्याला न दिसणारा एक प्रकाशही दिसतो. हिरवं, रसरशीत पान तो प्रकाश भरपूर परत फेकतं, वाळलेलं पान कमी फेकतं. घरी आल्यावर संगणक ते फोटो गोधडीच्या तुकड्यांसारखे एकमेकांना जोडतो आणि त्याचा एक मोठा नकाशा होतो.

त्या सकाळी आत्या छोट्या पडद्यात डोळे घालून ड्रोन उडवत होती. आबा टोपी घालून खुर्चीवर बसले होते. आकाशात दुसरं काही येतं का ते बघून ओरडायचं, हे त्यांचं काम.

"हे काय विमान म्हणायचं?" ते म्हणाले. "चिलट आहे चिलट. आमच्या एका इंजिनाच्या तोंडात असली पन्नास गेली असती."

"हेलिकॉप्टरची मरी हाय ही," शिवाप्पा म्हणाले. मरी म्हणजे कानडीत पिल्लू. "मोठी झाली की उडवा तुमी."

"प्रतिमा, घार! उजवीकडे घार!"

आत्याने ड्रोन झटकन खाली घेतलं. घार एक चक्कर मारून, नाक मुरडल्यासारखी निघून गेली, आणि मरी पुन्हा वर चढली. तिने सगळं टिपलं. चार नंबरचा चौकोनही टिपला.

आता संगणकाला गवत ओळखायला शिकवायचं असतं. ते बाळाला शिकवण्यासारखंच आहे. बाळाला कैरी दाखवून तुम्ही म्हणालात, "हा आंबा," आणि पुन्हा कधी दुसरा आंबा दाखवलाच नाहीत, तर काय होईल? पिकलेला पिवळाधमक हापूस समोर ठेवला तरी बाळ मान हलवेल. हा आंबा नाही! बाळाची काही चूक नाही. त्याला आंबा म्हणजे हिरवा, एवढंच माहीत.

कुसळीचे नमुन्याचे चौकोन तीन होते. नऊ नंबरचा गाईंनी चरून टाकला होता. तेरा नंबरच्या चौकोनातलं गवत आग लागू नये म्हणून पट्टा कापताना कापलं गेलं होतं. उरला चार नंबरचा. आत्याने संगणकाला तो दाखवला. ही कुसळी.

संगणकाने सगळा माळ धुंडाळला आणि उत्तर दिलं की चार नंबरचा चौकोन सोडून कुसळी कुठेही नाही. नकाशावर माळाचा अर्ध्याहून जास्त भाग राखाडी रंगाचा झाला. राखाडी म्हणजे ओळख न पटलेलं, मेलेलं गवत.

ही गोष्ट कंपनीच्या कानावर गेलीच. जमिनीचं काम बघायला तिथे नवे साहेब आले होते, गिरीराज नावाचे. ते बेळगावचे, बोलायला गोड, पण त्यांना झाडं आवडायची. उंच, हिरवी, फोटोत छान दिसणारी झाडं.

गुरुवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला. आत्या तेव्हा आबांकडे चहाला आली होती. तिने फोन टेबलावर ठेवला होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं.

"मॅडम, तीन वर्षं झाली. तुमचाच नकाशा सांगतोय की निम्मं गवत गेलं. मग आता आपण झाडं लावू. तीन हजार रोपं सांगून ठेवली आहेत. सोमवारी जेसीबी खड्डे घ्यायला लागेल."

"सर, माळावर खड्डे घेतले की गवताची मुळं तुटतात. सावली पडली की उरलेलं गवतही जातं. ते जमिनीवर अंडी घालणारे पक्षी जातात. आणि कुसळी आहे तिथे, मी स्वतः पाहिली आहे."

"मग नकाशात का नाही?"

आत्याला ते माहीत नव्हतं.

"शनिवारी चार वाजता मी माळावर येतो," गिरीराज म्हणाले. "तोपर्यंत दाखवण्यासारखं काही असेल तर दाखवा. नाहीतर सोमवार नक्की."

फोन ठेवल्यावर आत्याने चहाचा कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "कॅमेऱ्यात दोष असेल, नाहीतर माझ्यात. तीन वर्षं मी बी वेचत हिंडले आबा, आणि आता ते उगवलं की नाही हेच मला सिद्ध करता येत नाही."

शमिका जमिनीवर बसून पायमोज्यातली कुसळं काढत होती. रविवारपासून ते मोजे कोपऱ्यात पडले होते आणि आईने सकाळीच दम दिला होता. तिने काढलेल्या कुसळांचा ढीग आबांनी बशीत घेतला.

"गंमत बघ," ते म्हणाले, आणि एका कुसळावर चहाच्या चमच्याने पाण्याचा थेंब टाकला.

कुसळ हललं. त्याची पिळलेली शेपटी हळूहळू उलगडायला लागली आणि ते बशीत गोल गोल फिरलं.

"जिवंत आहे?" शमिका ओरडली.

"स्क्रू आहे. दव पडलं की पीळ सुटतो, ऊन पडलं की पीळ पुन्हा बसतो. असं फिरत फिरत बी स्वतःला जमिनीत बसवतं. ना माळी लागतो, ना झारी. आमच्या कारखान्यात असा स्क्रू कुणाला करता आला नाही." आबांनी मग चष्म्यावरून आत्याकडे बघितलं. "पण प्रतिमा, नकाशा म्हणतो माळावर कुसळी नाही. मग ही पोरगी एका मोज्यात एवढी कुठून घेऊन आली?"

"तेच तर म्हणते मी! गवत आहे. पण संगणकाला चार नंबरमधली कुसळी दाखवली तर तो म्हणतो, बाकीची तशी नाही."

बशीतलं कुसळ थांबलं. शमिकाच्या मनात मात्र काहीतरी फिरायला लागलं. बाकीची तशी नाही. तिच्या डोळ्यांसमोर तिचा हिरवा चौकोन आला आणि भोवतालचं तांबूस रान आलं. तिचे कान तापले.

"आत्या," ती म्हणाली, "बाकीच्या कुसळीला कोणी पाणी घातलं नाही."

आत्याला पहिल्यांदा समजलंच नाही. मग समजलं. तिने शमिकाकडे इतका वेळ बघितलं की आबांनी उगीचच खाकरल्यासारखं केलं.

"तू घातलंस?"

"ते वाळत होतं."

"कधीपासून?"

"डिसेंबरपासून. माझ्या बाटलीतून." बाटलीच्या पुढचं तिच्या तोंडातून बाहेर पडेना. शिवाप्पा अण्णा कंपनीचे नोकर होते. पिण्याच्या पाण्याचा ड्रम कंपनीचा होता. तिने खाली मान घालून विचारलं, "आता माळ माझ्यामुळे जाणार का?"

आत्या खुर्चीवरून उठून तिच्याजवळ जमिनीवर येऊन बसली.

"मी पाहिला होता तुझा चौकोन," ती म्हणाली. "हिरवा दिसला आणि मला बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून मी विचारलं नाही. वाईट वाटलं असतं तर विचारलं असतं, का वाईट आहे म्हणून. म्हणजे चूक किती जणांची झाली?"

"दोघींची."

"मग दोघींनीच निस्तरायची. पायमोजे धू. शनिवारी लागतील."

शनिवारी सकाळी सात वाजता त्या दोघी माळावर होत्या. जेसीबी आदल्या दिवशीच येऊन कुंपणापाशी उभा होता, पिवळा, दात जमिनीला टेकवून. शमिकाने त्याच्याकडे बघायचं टाळलं.

ड्रोन पुन्हा उडवायची गरज नव्हती. फोटो बरोबरच होते, फक्त बाळाला पिकलेला आंबा दाखवायचा राहिला होता. शमिका कुसळी शोधायची. जिथे कोणी पाणी घातलं नाही, कापलं नाही, गाई गेल्या नाहीत अशी. सापडली की हात वर करायची, आत्या येऊन जागेची नोंद घ्यायची. चढावर, उतारावर, खडकाच्या आडोशाला, उघड्यावर. शमिकाला वाटलं होतं पाच ठिकाणं मिळतील. अकरा वाजेपर्यंत एकतीस झाली. वाळलेली कुसळी तांब्याच्या तारेसारखी दिसते आणि वारा आला की सगळी मिळून एका दिशेला वाकते, हे तिने दोन महिन्यांत पहिल्यांदा नीट पाहिलं. इतके दिवस ती आपल्या एका मीटरातच बघत होती.

दुपारी शिवाप्पांच्या खोलीबाहेर आत्याने संगणक मांडीवर घेतला. चार नंबरचा चौकोन तिने यादीतून काढला आणि एकतीस नवे नमुने घातले. मग वाट बघणं आलं. शिवाप्पांनी दोघींना चित्रान्न, म्हणजे लिंबाचा पिवळा भात, दिलं. शमिका ते नुसतं चिवडत राहिली.

"अण्णा," ती हळूच म्हणाली, "मी आत्याला सांगितलं. पण तुमचं नाव नाही सांगितलं."

"सरी," म्हणजे बरं, असं शिवाप्पा म्हणाले, आणि तिच्या पानात आणखी भात वाढला. "खा आता. स्वल्प."

साडेतीनला नकाशा तयार झाला. राखाडी रंग गेला होता. त्या जागी चढभर, उतारभर तांबूस रंग पसरला होता. आत्याने संगणक शमिकाकडे वळवला.

चार वाजता गिरीराज आले. इस्त्रीची पँट, चकचकीत बूट. त्यांनी नकाशा पाहिला, मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला.

"मॅडम, रागावू नका," ते म्हणाले, "पण गुरुवारी हाच संगणक नाही म्हणत होता. आज हो म्हणतोय. उद्या काय म्हणेल? मी वरच्या साहेबांना कोणतं उत्तर देऊ?"

"नमुना चुकला होता, सर. एका चौकोनाला पाणी मिळालं होतं."

"कसं मिळालं?"

आत्याने तोंड उघडायच्या आत शमिका पुढे झाली. "मी घातलं. माझ्या बाटलीतून. रविवारी."

गिरीराज वाकले आणि तिच्या गळ्यातली बाटली हातात धरून बघितली. "ह्या बाटलीतून? आठवड्याला एकदा? बाळ, आमच्या अंगणात एवढ्याने जास्वंदीची एक कुंडी हिरवी राहत नाही. दोन महिने एक मीटर जमीन हिरवी राहिली म्हणतेस? मॅडम, हे मला पटत नाही. काहीतरी गोष्ट रचून सांगताय तुम्ही."

शमिकाने शिवाप्पांकडे बघितलं. ते ड्रमपाशी उभे होते, खांद्यावरचा टॉवेल दोन्ही हातांनी धरून. खरं सांगितलं तर अण्णांचं काय होईल? नाही सांगितलं तर सोमवारी माळ जाईल. जेसीबीचे दात तिला दिसत होते.

"बाटलीतून नाही," ती म्हणाली. "ड्रममधून. दोन घागरी. पण मी चोरून घेतलं. शिवाप्पा अण्णांना माहीतच नव्हतं."

"खोटं बोलतीया," शिवाप्पा म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले.

"सर, ह्या पुट्टीला भरलेली घागर उचलत तरी असंल का? मीच भरून द्यायचो. आणि ही यायची रविवारी. मग बुधवारी गवतानं काय करायचं? बुधवारी मी घालायचो. दोन घागरी."

"अण्णा!" शमिकाला हे माहीतच नव्हतं.

"काय अण्णा? तू गेल्यावर ते माझ्याकडंच बघत बसायचं की."

आत्याने कपाळावर हात मारला. कॅमेऱ्यात दोष शोधत तिने चार रात्री काढल्या होत्या.

गिरीराजांनी नकाशाकडे बघितलं, ड्रमकडे बघितलं. मग म्हणाले, "तो चौकोन दाखवा."

शमिका पुढे, ते मागे. चार नंबरपर्यंत जायला माळातून पाच मिनिटं लागायची. ते चौकोनापाशी उभे राहिले. लाल दोरीच्या आत हिरवं, बाहेर चारी दिशांना तांबूस. ते खाली बसले, आतली एक काडी धरली, बाहेरची एक काडी धरली. दोन्हीचे तुरे तसेच, दोन्हीला तीच शेपटीवाली कुसळं. एक ओली, एक वाळकी.

"एकच आहे हे," ते म्हणाले.

"एकच आहे," शमिका म्हणाली. "मी फक्त त्याला घाबरून पाणी घातलं."

परत येईपर्यंत साहेबांची चाल बदलली होती. ते थोडे लंगडत होते. जेसीबीच्या पायरीवर बसून त्यांनी बूट काढले. इस्त्रीच्या पँटीला गुडघ्यापर्यंत कुसळं चिकटली होती आणि मोज्यांचा मूळ रंग ओळखू येत नव्हता.

"अबब! एवढी?"

"तुमच्या वरच्या साहेबांना हे मोजे दाखवा," शमिका म्हणाली. आत्या नुसतीच हसत राहिली. शमिका पुढे म्हणाली, "संगणक आधी नाही म्हणाला कारण त्याला आम्ही चुकीचं शिकवलं. मोज्यांना कोणी काही शिकवलेलं नाही."

गिरीराज हसले. आधी थोडं, मग बरंच. एक कुसळ उपटताना "आई गं" म्हणून पुन्हा हसले. मग त्यांनी जेसीबीच्या ड्रायव्हरला हाक मारली आणि कानडीत सांगितलं की सोमवारचं काम नाही, गाडी घेऊन जा. रोपं कारखान्याच्या रस्त्याला लागतील, तिथे सावली हवीच आहे.

"आणि तुम्ही," ते शिवाप्पांना म्हणाले. शमिका शिवाप्पांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "पाणी घालणाऱ्याला काढायचं म्हटलं तर आधी माझ्या आईला घराबाहेर काढावं लागेल. ती पावसातसुद्धा तुळशीला पाणी घालते. पण ह्यापुढे तो ड्रम तुमच्या पिण्याचा. गवताचा नाही."

"सरी, सर."

"एक चौकोन माझ्या नावानं देता का, मॅडम?" बूट घालता घालता त्यांनी विचारलं. "नुसतं बघायला."

आत्याने त्यांना तेरा नंबरचा दिला, कापला गेलेला. तो पुन्हा कसा उठतो ते बघायला धीर लागतो, आणि तो त्यांना शिकायचा होता.

जेसीबी धूर सोडत गेला. उन्हं कलायला लागली होती तरी माळावर ऊन होतंच. आत्या संगणक आवरत होती. शमिका एकटीच चार नंबरकडे निघाली. चौकोनातल्या कडेच्या पात्यांनी आत्ताच माना टाकल्या होत्या. गुरुवारपासून कोणी पाणी घातलं नव्हतं. एक पातं टोकाला पिवळं पडलं होतं. ती उकिडवी बसून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने गळ्यातली बाटली काढली, झाकण उघडलं, वही मांडीवर घेतली, लिहिलं, "टोकं पिवळी होत आहेत," आणि बाटलीतलं सगळं पाणी, शेवटच्या थेंबापर्यंत, स्वतः पिऊन टाकलं.